पाळकसाहेबांचे मत

नवरात्रात टेंभी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. दुर्गेश्वरीचा मंडप, आनंद आश्रमाकडे वळणारी माणसे, बंद केलेले रस्ते. एरवी मात्र याच नाक्यावर दुसरे, जुने ठाणे दिसते. सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास बेने इस्रायलींचे १८७९ सालचे सिनेगॉग आहे, पारशांची अग्यारी आहे आणि जवळच सेंट जेम्स चर्च आहे. दहा मिनिटे चालले की मासुंदा तलावाकाठी पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन द बाप्टिस्टही लागते. एवढ्याशा परिघात इतक्या देवघरांची दाटी महाराष्ट्रात फार ठिकाणी सापडणार नाही.

सेंट जेम्स आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मुंबई धर्मप्रांतात मोडते. या चर्चचा सिनड दर तीन वर्षांनी भरतो. धर्मप्रांताधर्मप्रांतातून बिशप जातात आणि त्यांच्याबरोबर निवडून दिलेले काही पाळक आणि काही साधे सभासद जातात. उपासनेच्या शेवटी, सूचना वाचताना, कुणीतरी सांगते की पाळकसाहेब सिनडला गेलेत, पुढच्या रविवारी उपदेश अमके करतील. बाकांवरचे लोक ऐकून घेतात आणि चपला शोधू लागतात. पाळक राष्ट्रीय सभेला जातो, तिथे हात वर करतो, त्याचा हात मोजला जातो, यात आता कुणाला नवल वाटत नाही. पण या मोजल्या जाणाऱ्या हाताचा वंशवृक्ष काढायला बसले की तो चांगलाच वेडावाकडा निघतो. तो काढताना मी एकच खूणगाठ बांधली आहे: त्या त्या काळी पाळकाला पगार कोण देत होते ते आधी पाहायचे. मत कोणाला होते ते मग आपोआप कळते.

सुरुवात नाक्यापासूनच करता येते. सेंट जेम्सचे समर्पण १८२५ साली झाले. ते करायला आले होते कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर. कलकत्त्याचे म्हणायचे, पण कंपनीचा सगळा मुलूख आणि वर ऑस्ट्रेलियाची वसाहत हा सारा त्यांचाच धर्मप्रांत. हेबरसाहेबांनी प्रवासवर्णनात ठाण्याबद्दल लिहिले आहे. इथली डुकरांची पैदास आणि इथल्या ख्रिस्ती लोकांचे खारवलेले बेकन त्यांच्या विशेष लक्षात राहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत त्यांनी आपल्या पाद्र्यांची सभा घेतली. अशा सभेचा रिवाज ठरलेला असे. बिशपने लांबलचक उपदेशपत्र वाचायचे आणि पाद्र्यांनी ओळीने बसून ते ऐकायचे. ठराव, चर्चा, मतदान असले काही नाही. बसलेले बहुतेक पाद्री कंपनी सरकारचे नोकर होते. त्यांना हुद्दा होता, रजा होती, पेन्शन होते. त्यांत मराठी माणूस नव्हता, असण्याची सोयही नुकतीच झाली होती. हेबरच्या आधीचे बिशप मिडलटन यांची समजूत अशी होती की एतद्देशीयांना दीक्षा देण्याचा कायदेशीर अधिकार आपल्याला नाही. ही अडचण दूर करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने १८२३ साली केला. मग हेबरने जाफन्याचे ख्रिस्तियन डेव्हिड आणि लखनौचे अब्दुल मसीह यांना दीक्षा दिली. दोघांपैकी कुणालाही मराठी येत नसावी, पण महाराष्ट्रातल्या पाळकाच्या खुर्चीचा पहिला पाया त्या कायद्यात आहे.

पोर्तुगिजांचा भाग याहून जुना आहे आणि अधिक बोचरा. गोव्याच्या आर्चबिशपांच्या प्रांतिक धर्मसभा १५६७ ते १६०६ या चाळीस वर्षांत पाच वेळा भरल्या. वसई-ठाणे तेव्हा पोर्तुगिजांकडेच होते आणि या सभांचे हुकूम इथल्या चर्चवरही लागू होत. बिशप बसत, फ्रान्सिस्कन आणि जेज्वीट संघांचे वरिष्ठ बसत आणि देशी लोकांविषयी ठरवले जाई. त्यांना कुठे राहू द्यायचे, कोणते सण बंद करायचे, बाप्तिस्मा कसा द्यायचा. ज्यांच्याविषयी हे ठरत होते त्यांतला कुणी त्या टेबलाशी नव्हता. १६०६ च्या पाचव्या सभेने देशी माणसाला धर्मगुरू व्हायची वाट ठेवली खरी, पण तीही उच्च मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांपुरती. ख्रिस्ती धर्मात आलेली जात दारातून आत आली ती अशी, हुकमाच्या कागदावर.

त्या काळातले एकच नाव इथे घेतो. दिवाडी बेटावरचा मातेउश द कास्त्रो. गोव्यात दीक्षा मिळत नाही म्हणून तो थेट रोमला गेला, तिथे धर्मगुरू झाला आणि १६३७ साली चक्क बिशपही झाला. विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी त्याची नेमणूक झाली, कारण गोव्यात त्याला कुणी उभे करीना. पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांशी त्याचे आयुष्यभर भांडण चालले. शेवटी रोममध्येच मेला. रोमने त्याला बिशप केला, त्याच्या गावाने त्याला शेजारी बसवून घेतले नाही. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेनंतर वसई-साष्टीतून युरोपीय पाद्री गेले आणि चर्च देशी, म्हणजे बहुतांशी गोवेकर, धर्मगुरूंनी सांभाळली. सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आले. ठरवण्याचे काम तरीही लिस्बनला आणि रोमलाच राहिले.

आता एकदम रेल्वेकडे यावे लागते. अखिल भारतीय म्हणावी अशी ख्रिस्ती सभा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी का भरली नाही, याचे उत्तर धर्मशास्त्रात नसून रुळांत आहे. १८५५ ला कलकत्ता, १८५८ ला उटी, १८६२ च्या अखेरीस लाहोर अशा मिशनऱ्यांच्या परिषदा भरल्या, पण त्या आपापल्या प्रांतापुरत्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला येऊन थांबली होती. तोच रूळ कल्याणवरून घाट चढत पुढे गेला आणि मार्च १८७० मध्ये जबलपूरला कलकत्त्याकडून आलेल्या रुळाला मिळाला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १८७२ च्या नाताळानंतर, अलाहाबादला पहिली सर्वदेशी मिशनरी परिषद भरली. जागा अलाहाबादच का? कारण दोन्हीकडून गाडी तिथे पोहोचत होती. काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईला भरायला अजून तेरा वर्षे होती. दूरदूरच्या गावांतून प्रतिनिधी बोलवायचे, तंबूत उतरवायचे, विषयवार निबंध वाचायचे आणि शेवटी जाड अहवाल छापायचा, हा ढाचा या देशात रुळवण्यात मिशनऱ्यांच्या या परिषदांचा वाटा आहे. राजकीय इतिहास लिहिणारे तिकडे सहसा पाहत नाहीत.

पण त्यांचे नाव मिशनरी परिषद होते आणि नावाप्रमाणेच काम होते. देशी पाळक आले तरी पाहुण्यासारखे. त्यांतल्या सर्वांत नामांकित पाहुण्याची गोष्ट महाराष्ट्रातलीच आहे. रेव्ह. नारायण शेषाद्री. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण तरुण. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद याच्या शुद्धीवरून बाळशास्त्री जांभेकरांनी जे वादळ ओढवून घेतले ते मराठी वाचकाला माहीत असते. थोरला भाऊ मात्र मिशनमध्येच राहिला. स्कॉटिश फ्री चर्चचा पाळक झाला आणि जालन्याजवळ, सालारजंग दिवाण असलेल्या निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर त्याने बेथेल नावाचे गाव वसवले. १८७३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची जागतिक परिषद भरली, तिला नारायण शेषाद्री हजर होते. पागोटे घालून व्यासपीठावर उभे राहिले. इंग्रजी अस्खलित, विषयावर पकड, बोलणे ठाशीव. अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्यांच्या पागोट्याची दखल भाषणाइतकीच घेतली. ते बोलत होते खरे, पण त्यांना ऐकायला आलेल्यांतले कितीतरी जण त्यांना पाहायला आले होते. मराठी पाळक व्यासपीठावर पोहोचला तो नमुना म्हणून. त्याचे मत कुणी विचारले नव्हते, त्याचे अस्तित्व हाच पुरावा होता.

खरी झटापट न्यूयॉर्कला झाली नाही, ती झाली अहमदनगरला. इथे थोडे रेंगाळतो.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. त्यांच्यामागून आलेले जॉन निकल्स काही वर्षे ठाण्यातच राहत होते. शाळा चालवल्या आणि १८२४ साली वारले. पण या मिशनचे खरे ठाणे झाले ते नगर. तिथली पहिली मंडळी १८३३ ची. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमाराला बॉस्टनहून मिशनचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले होते. अँडरसनसाहेबांचा हेका असा की मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपला प्रसार आपणच करावा. हे तिन्ही एकदम. मिशनरी हा पाहुणा, त्याने गावोगाव देशी पाळक नेमून मोकळे व्हावे.

कागदावर हे फार सुंदर होते. अडचण दुसऱ्याच कलमात होती. खिस्ती आणि मोडक हे ब्राह्मण. पुढे नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून जे लोक मंडळीत आले ते बहुतांशी महार आणि मांग. बलुत्याच्या वाट्यावर जगणारा सभासद पाळकाला महिन्याचा पगार कुठून देणार? १८७६ चा दुष्काळ आला, मग शतकाच्या अखेरीस, संवताच्या हिशोबाने, छप्पन्नचा आला. मंडळ्या वाढल्या, अनाथालये भरली आणि पाळकाचा पगार अधिकाधिक मिशनच्या खजिन्यातून येऊ लागला. मंडळ्यांनी आपले ऐक्य स्थापले होते. त्याची सभा भरत होती, पाळक आणि मंडळ्यांचे प्रतिनिधी तिथे बसून निर्णय घेत होते. पण मिशनची सभा वेगळी भरत होती. तिच्यात फक्त गोरे मिशनरी बसत आणि पैसा तिच्याकडे होता. एकाच गावात दोन सभा. एकीत मत होते आणि तिजोरी नव्हती, दुसरीत तिजोरी होती आणि देशी मत नव्हते. कोणता पाळक कुठे बदलायचा, शाळा चालू ठेवायची की बंद करायची, दवाखान्याला किती द्यायचे, हे सगळे दुसऱ्या सभेत ठरे. पाळकाला ते पोस्टाने कळे.

नगरच्या वार्षिक सभेत मात्र एक गोष्ट अस्सल घरची होती. कृष्णराव सांगळ्यांनी १८६० च्या दशकाच्या आरंभी तिथे ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ, वीणा, पूर्वरंग, उत्तररंग. निबंध वाचणाऱ्या परिषदेत खेड्यातला सभासद गप्प बसे, कीर्तनाला मात्र डोलत असे. मला वाटते, त्या सभेचे खरे मतदान तिथे होत असे. ज्ञानोदय हे १८४२ पासून चालत आलेले मिशनचे पत्र. त्याने अशा सभांची वार्ता पिढ्यान् पिढ्या छापली. मराठी पाळकाला दुसऱ्या जिल्ह्यातला पाळक काय म्हणतो ते कळायचे ते ज्ञानोदयातून. राष्ट्रीय सभेचे प्रतिनिधित्व मिळण्याच्या कितीतरी आधी त्याला वाचकाचे स्थान मिळाले होते.

अलाहाबादला सुरू झालेली दशवार्षिक परिषद १८९२ च्या अखेरीस मुंबईला आली. नाव पुन्हा मिशनरी परिषद, कामकाज इंग्रजीत. मराठीत उत्तम उपदेश करणारा, पण इंग्रजीत अडखळणारा पाळक तिथे मागच्या बाकावर. हा भाषेचा उंबरठा पुढे शंभर वर्षे टिकला आणि राष्ट्रीय सभेला कोण जाणार हे त्यानेच बऱ्याच वेळा ठरवले. १९०४ साली अलाहाबादला निरनिराळ्या प्रेस्बिटेरियन मिशनांच्या मंडळ्या एक होऊन भारताची प्रेस्बिटेरियन चर्च झाली. तिच्या महासभेचे पहिले मॉडरेटर होते काली चरण चटर्जी, पंजाबातल्या होशियारपूरला आयुष्य घालवलेले बंगाली पाळक. अध्यक्षाची खुर्ची देशी माणसाला मिळाली. लगेच पुढच्या वर्षीच्या नाताळात बंगालमधल्या श्रीरामपूरला, मिशनरी विल्यम केरीच्या ग्रंथालयात, नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली. तिचा नियम स्वच्छ होता: माणसे देशी, पैसा देशी, व्यवस्था देशी. परदेशी वर्गणी घ्यायचीच नाही. स्वदेशीचे आंदोलन तेव्हा ऐन भरात होते, त्याचा वारा चर्चच्या आतही शिरला होता.

१९१० ची एडिंबरोची जागतिक मिशनरी परिषद या सगळ्याचा आरसा ठरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यांत आशियातले जेमतेम वीस. त्या विसांत एक जे. आर. चितंबर होते. मराठी ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेल्याचे चिरंजीव, लखनौचे मेथडिस्ट पाळक. पुढे ते त्यांच्या चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. गाजले ते तमिळनाडूचे अझरिया. मिशनऱ्यांनी आमच्यासाठी सर्वस्व दिले, आता स्नेह द्या, असे त्यांनी भर सभेत सुनावले. सभ्य भाषेतले हे बोलणे पुष्कळांना झोंबले. कारण स्नेह बरोबरीच्या माणसाशी होतो आणि पगारदाराशी बरोबरी करायची तर पगाराचा प्रश्न आलाच.

तो प्रश्न महाराष्ट्रात एकाने आपल्या पद्धतीने सोडवला. नारायण वामन टिळक. १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादक, दीक्षित पाळक, रविवारी घरोघर गायल्या जाणाऱ्या गीतांचे कवी. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि देवाचा दरबार मांडला. लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांत या घराच्या पैशाच्या तारांबळीचे जे वर्णन आहे ते वाचले की या निर्णयाची किंमत कळते. मिशनचा पगार घेणारा माणूस मिशनला समान म्हणून बोलू शकत नाही, एवढे टिळकांनी ओळखले होते आणि त्यांनी बोलणे निवडले. पण हा कवीचा मार्ग होता. घरात चार पोरे आणि गावात दोनशे सभासद असलेल्या पाळकाला तो परवडण्यासारखा नव्हता. टिळक ९ मे १९१९ ला गेले. त्याच मे महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत दक्षिणेत तरंगंबाडीला तेहतीस पाळक-कार्यकर्ते जमले होते. दोघे सोडून सगळे भारतीय, बोलावणे भारतीयांचे आणि विषय एकच: आम्हाला या परदेशी पंथांच्या भिंती नकोत, एक चर्च हवी. त्या बैठकीतून १९४७ ची चर्च ऑफ साउथ इंडिया निघाली.

पुढची पायरी घटनेतल्या कलमांनी चढली. १९२३ साली राष्ट्रीय मिशनरी कौन्सिलची राष्ट्रीय ख्रिस्ती परिषद झाली आणि तिच्यात निम्मे तरी सभासद भारतीय असलेच पाहिजेत असा नियम आला. तिचे बिऱ्हाड पुढे नागपूरला आले, ते अजून तिथेच आहे. १९२४ ला प्रेस्बिटेरियन आणि नगरकडचे काँग्रिगेशनल एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली. अँग्लिकन चर्चची नाळ तर सरकारशीच जुळलेली. सेंट जेम्ससारख्या चर्चचा पाद्री खजिन्यातून पगार घेई. १९२७ चा कायदा झाला आणि १ मार्च १९३० ला भारत, ब्रह्मदेश व सिलोनची चर्च इंग्लंडच्या चर्चपासून मोकळी झाली. तिच्या जनरल कौन्सिलात बिशप, पाळक आणि सभासद अशी तीन सभागृहे आली. हेबरसमोर मुकाट ऐकणाऱ्या पाद्र्याच्या वारसाला मत मिळायला एकशे पाच वर्षे लागली. सरकारी पगाराचे शेपूट मात्र स्वातंत्र्यापर्यंत वळवळत राहिले.

मग नागपूर. २९ नोव्हेंबर १९७०. ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या परिसरात सहा चर्च एक झाल्या. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि डिसायपल्स. बोलणी चाळीस वर्षे चालली होती. सातवी, म्हणजे अमेरिकन परंपरेची मोठी मेथडिस्ट चर्च, अगदी शेवटच्या घटकेला मागे फिरली, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या मराठी मेथडिस्ट मंडळ्या वेगळ्याच राहिल्या.

सहा चर्च म्हणजे काय, हे ठाणे जिल्ह्यापुरते सांगतो. ठाणे शहरात अँग्लिकन पाळक. तो तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालून बाप्तिस्मा देणार. जिल्हा तेव्हा तोच, पण वर डहाणूला ब्रेदरन मिशन. तिथे बाप्तिस्मा कळत्या वयात आणि सगळे अंग पाण्यात बुडवून. ब्रेदरनांच्या दृष्टीने तान्ह्या बाळाचा विधी अपुरा. एकाच सिनडात हे दोघे बसायचे तर दोन्ही पद्धती चालतील असे घटनेत लिहावे लागले आणि तसे लिहिले. नगरकडे तर याहून गंमत. जिल्ह्यात अमेरिकन मिशन आधीचे, इंग्रजांचे अँग्लिकन मिशन एस.पी.जी. १८७० च्या दशकात आलेले. आमचे कळप पळवले म्हणून दोघांचा पिढीजात वाद. आता दोन्हीकडचे नातू एकाच धर्मप्रांतात.

पण सगळ्यांत अवघड गाठ पाळकांचीच होती. अँग्लिकनांच्या मते खरी दीक्षा बिशपच्या हातूनच. बॅप्टिस्ट आणि काँग्रिगेशनल म्हणत, आम्हाला मंडळीने दीक्षा दिली आहे, आम्ही वीस-वीस वर्षे प्रभुभोजन दिले आहे, पुन्हा दीक्षा कसली? पुन्हा घ्यावी तर आजवरचे सगळे फुकट होते असे कबूल केल्यासारखे. न घ्यावी तर अँग्लिकन त्यांच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत. दक्षिणेत १९४७ ला हा प्रश्न काळावर सोडला होता: आहेत ते पाळक तसेच, नवे सगळे बिशपच्या हातून. उत्तरेने तो पहिल्याच दिवशी सोडवायचे ठरवले. सगळ्या चर्चांच्या प्रतिनिधी पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे. बिशपनेही डोके वाकवायचे, बॅप्टिस्टानेही. आणि प्रार्थना अशी बेतली की देवाने ज्याला जे उणे असेल ते द्यावे. कुणाला काय उणे आहे, ते मात्र तिच्यात सांगायचे नाही. ही पुनर्दीक्षा की नाही, हे मुद्दामच मोकळे सोडले. अँग्लिकनाने मनात म्हणावे, याला आता खरी दीक्षा मिळाली. बॅप्टिस्टाने म्हणावे, या बिशपला आता जरा नम्रता मिळाली. धर्मपंडितांनी या अस्पष्टतेवर ग्रंथ लिहिले. मला ती भारतीय सभाशास्त्रातली एक पहिल्या प्रतीची कारागिरी वाटते. नंतर प्रत्येक धर्मप्रांतात याच विधीने पाळकांची सेवा एक झाली. डोके वाकवणारे सगळेच होते, त्यामुळे उंची मोजायची सोय राहिली नाही.

कॅथलिकांचा रस्ता वेगळा. भारतीय बिशपांची परिषद १९४४ ला स्थापन झाली, पण तिथे मत बिशपांचे. मासुंदा तलावाकाठच्या फादरांना तिथे खुर्ची नाही. १९६९ च्या मे महिन्यात बंगळुरूला दुसऱ्या व्हॅटिकन सभेच्या ओघात मोठे राष्ट्रीय चर्चासत्र झाले, त्यात धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक असे सगळे बोलले. रोममध्ये २०२३ च्या सिनडात प्रथमच स्त्रियांनाही मत मिळाले. मराठी धर्मगुरूने अखिल भारतीय मांडवात अध्यक्षपद भूषवले ते वेगळ्याच संमेलनात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला साहित्य संमेलनाध्यक्ष झाले. तिथे त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला होता, तो साहित्यामुळे नव्हे, झग्यामुळे.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने १९८० मध्ये स्त्रियांना पाळकपद खुले केले. फुलबनीच्या धर्मप्रांताला व्हायोलेट नायक या बिशप मिळाल्या. पाळकाच्या हाताची मोजणी झाली, पाळकिणीच्याही झाली. आणि तिजोरी? मिशनांनी जमिनी, शाळा, दवाखाने चर्चच्या ट्रस्टांकडे दिले आणि ते सांभाळण्याचे, विकण्याचे, त्यावरून कोर्टात जाण्याचे काम सिनडाच्या कार्यक्रमपत्रिकेत येऊन बसले. मॉडरेटर निवडतानाही त्या जमिनींची सावली पडते, हे सभासद खासगीत बोलतात.

पगार आता बहुतेक ठिकाणी धर्मप्रांतातून होतो. बदली बिशप करतात. सिनडाचे प्रतिनिधी निवडले जातात ते धर्मप्रांताच्या कौन्सिलात, आणि तिथे अध्यक्षस्थानी बिशपच. सिनडात बिशपांच्या मताविरुद्ध हात वर करणारा पाळक पुढच्या जूनमध्ये कुठे असेल, याचा हिशोब पाळकाच्या घरात होतो, मुलांच्या शाळेच्या फीसकट. अँडरसनसाहेबांची तीन कलमे इथे पुन्हा आठवावीत, विशेषतः मधले.

धर्मप्रांताकडे पैसा जातो तो मंडळ्यांच्या वाट्यातून आणि तो वाटा जमतो पाकिटांतून, दशमांशातून आणि उपकारस्तुतीच्या सणाला. कुठल्याही मराठी मंडळीत हा सण पाहावा. वेदीपुढे तांदळाची पोती, ऊस, नारळ, पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की अंगणात लिलाव. नगर-जालन्याहून रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या नोकरीसाठी कल्याण-अंबरनाथ पट्ट्यात आलेल्या घरांतले लोक दोन रुपयांच्या लिंबाला पाचशेची बोली लावतात, शेजारचा वर चढवतो, पाळकसाहेब ध्वनिक्षेपकावर हसत हसत तिसऱ्यांदा म्हणतात आणि लिंबू देऊन टाकतात. त्यातूनच पुढे वाटा जातो आणि त्या वाट्यातून पाळकसाहेबांचा पगार आणि सिनडाचे तिकीट. म्हणून परतल्यावर पास्टोरेट कमिटी त्यांना समोर बसवून विचारते, मॉडरेटर कोण झाले, पेन्शन फंडाचे काय ठरले, आपण कुणाला मत दिलेत. शेवटच्या प्रश्नाला पाळकसाहेब बहुधा चहा मागवतात. खजिनदार गाडीच्या तिकिटाची मूळ पावती मागतो.